झाडू कोणाच्या हाती

बंडाबर्गमधल्या आमच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कामाचा तक्ता लावलेला असतो. वरच्या मजल्याचे संडास, खालची न्हाणीघरं, खोल्या, चादरी, मागचं अंगण, पुढचं रसाचं काउंटर. प्रत्येक कामासमोर एक नाव. बहुतेक ठिकाणी ते माझं असतं, नाहीतर माझ्या जोडीला असलेल्या तैवानच्या मुलीचं. इथे राहणाऱ्या बाकी पोरापोरींची नावं त्या तक्त्यावर नसतात. ती पहाटे अंधारात व्हॅनमध्ये बसून रताळ्यांच्या, मिरच्यांच्या, टोमॅटोच्या शेतांवर गेलेली असतात आणि दिवस कलता कलता लाल मातीने माखून परत येतात. ती उठून गेली की आम्ही चादरी काढायच्या, बेसिनं घासायची, फरशी पुसायची, आणि अकराच्या सुमाराला हात धुऊन रस्त्याकडच्या काउंटरवर उभं राहायचं. संत्रं, गाजर, आलं, अननस, कलिंगड. फळं बहुतेक जवळच्याच शेतांवरची, आकाराने वेडीवाकडी म्हणून मोठ्या दुकानांनी नाकारलेली; चवीला त्यांच्यात काडीचं उणं नसतं.

आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "रसाचं ठीकाय, त्ये आपलंच काम हाय. पण येवढ्या लांब जाऊन लोकांचं संडास धुतीस व्हय गं?"

तिचं म्हणणं मला समजतं. आम्ही पुरंदर तालुक्यातले. पुण्या-मुंबईत आणि पार लांबच्या जिल्ह्यांतही ज्या रसवंत्यांवर कानिफनाथांचं किंवा नवनाथांचं नाव दिसतं, त्यांतल्या बऱ्याच आमच्या सासवड-बोपगाव भागातल्या माणसांनी थाटलेल्या. बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आणि काका पुण्यात रसवंती चालवतात. उन्हाळाभर चरकाच्या चाकाला बांधलेली घुंगरं वाजतात, पावसाळा लागला की गाळा बंद. म्हणजे परदेशात जाऊन मुलगी रस काढते यात घराला ओळखीचं काहीतरी आहे. संडास धुणं मात्र आईच्या मनात बसत नाही. दोन्ही कामं एकाच छपराखाली, एकाच माणसाने, तासाला एकाच दराने करायची असतात, हे तिला पटवून द्यायला मला हॉस्टेल नावाच्या गोष्टीच्या मुळाशी जावं लागलं. तिथे गेल्यावर हाच प्रश्न पहिल्यापासून उभा दिसला: परका माणूस जिथे रात्रीपुरता टेकतो, तिथला झाडू कोणी हातात घ्यायचा?

हॉस्टेलची कल्पना एका शाळामास्तरांची. रिचर्ड शिरमान, जन्म १८७४, मूळचे पूर्व प्रशियातले. नोकरी जर्मनीच्या पश्चिम भागातल्या आल्टेना या गावात, जिथे तार ओढण्याचे कारखाने होते. कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या मुलांना शिरमान वर्गाबाहेर काढून रानावनांतून, डोंगरांतून चालवत न्यायचे. २६ ऑगस्ट १९०९ रोजी अशाच एका लांबच्या पायी सहलीत ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना वादळाने गाठलं. शेवटी एका गावातल्या शाळेत आसरा मिळाला. बाकं सरकवून, पेंढा अंथरून मुलं झोपली आणि बाहेर रात्रभर विजा कडकडत राहिल्या. शिरमान जागेच होते. प्रत्येक गावाला शाळा असते आणि सुट्टीत ती रिकामी असते, मग चालत निघालेल्या मुलांसाठी एकेका दिवसाच्या अंतरावर अशी निवाऱ्याची जागा का असू नये, हा विचार त्या रात्रीचा. पुढच्या वर्षी त्यांनी तो वर्तमानपत्रात लिहून मांडला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या डोंगरावरच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा हॉस्टेल सुरू झालं. जाड लाकडाचे तीन मजली पलंग, वर पेंढा भरलेल्या गाद्या. ते पलंग किल्ल्यात आजही जपून ठेवलेले आहेत. मी रोज ज्या दुमजली लोखंडी पलंगांच्या चादरी ओढून काढते, त्यांचं कूळ तिथपर्यंत पोचतं.

शिरमानांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिल्या महायुद्धात ते व्होज डोंगररांगांत आघाडीवर होते. १९१५ च्या नाताळात तिथल्या काही जर्मन आणि फ्रेंच सैनिकांनी आपापसांत गोळीबार थांबवला आणि एकमेकांना खायच्या-प्यायच्या वस्तू दिल्या. वेगवेगळ्या देशांच्या तरुणांना एकत्र राहायला, एकमेकांना ओळखायला जागा हवी, हे शिरमानांच्या मनात तिथे आणखी घट्ट झालं. १९१९ मध्ये जर्मन युवा हॉस्टेलांची संघटना उभी राहिली, १९३२ पर्यंत तिथे दोन हजारांहून अधिक हॉस्टेलं झाली आणि त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये अनेक देशांच्या संघटना एकत्र आल्या. मग हिटलरचं राज्य आलं. ती सगळी हॉस्टेलं नाझींच्या युवक संघटनेच्या ताब्यात गेली आणि शिरमानांना आंतरराष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद सोडायला लावलं गेलं. लोकांना मिसळता यावं म्हणून बांधलेल्या घरांत एकाच गणवेशाची पोरं कवायत करू लागली. दुसरं महायुद्ध संपल्यावर सत्तरीच्या वयात हा माणूस पुन्हा उभारणीच्या कामाला लागला. १९६१ मध्ये ते गेले.

इंग्लंड-वेल्समध्ये ही चळवळ १९३० मध्ये सुरू झाली आणि झाडूचा नियम मला सगळ्यात स्पष्ट तिथे सापडतो. एका रात्रीचा दर एक शिलिंग. यायचं ते पायी किंवा सायकलवर. मोटारीने येणाऱ्यांसाठी ही जागा नव्हती. झोपायची चादरीची पिशवी आपली आपण आणायची. आणि सकाळी निघण्याआधी प्रत्येकाने वॉर्डन सांगेल ते एक काम करायचं. कोणी खोली झाडायची, कोणी बटाटे सोलायचे, कोणी लाकडं फोडायची, कोणी पाणी भरायचं. आल्या आल्या सभासदाचं कार्ड वॉर्डनकडे जमा व्हायचं आणि काम झालेलं पाहिल्यावरच ते परत हातात पडायचं. गिरणीत काम करणारी मुलगी आणि कॉलेजात शिकणारा मुलगा यांच्या हातात एकच झाडू. यात खर्चाची बचत होती हे उघड आहे, पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की झाडणारा आणि झोपणारा अशी दोन वेगळी माणसंच तिथे नव्हती.

भारतात पहिलं युवा हॉस्टेल सिमल्याजवळ तारादेवीला १९४५ मध्ये सुरू झालं आणि अखिल भारतीय संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या डोंगर भटकणाऱ्या कितीतरी जणांनी हिमालय पहिल्यांदा पाहिला तो याच संघटनेच्या सार पाससारख्या मोहिमांत. तिथल्या तळावर जेवल्यावर आपलं ताट आपण घासायचं असतं. घरी कधी पेलाही न विसळलेली मुलं बर्फासारख्या पाण्यात ताट घासताना मी पाहिली आहेत.

शिरमानांपेक्षा दोनच वर्षांनी लहान असलेला एक माणूस त्याच काळात आपल्याकडे हातात खराटा घेऊन फिरत होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, आपले गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. गावात शिरायचं, रस्ते झाडायचे, घाण उपसायची, आणि काम केल्यावरच कोणाच्या दारची भाकरी घ्यायची, असा त्यांचा रिवाज. रात्री त्याच साफ केलेल्या जागेवर कीर्तन. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, धर्मशाळा बांधल्या: पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला. पंढरपूरच्या धर्मशाळेला त्यांनी चोखामेळ्याचं नाव दिलं. वारीला येणाऱ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना तेव्हा इतर धर्मशाळांत पाऊल टाकता येत नव्हतं. दिवसभर चालून आलेला माणूस वाळवंटातच झोपायचा. ती इमारत गाडगेबाबांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

शिरमान आणि गाडगेबाबा यांची भेट झाली नाही, व्हायचं काही कारणही नव्हतं. तरी मी दोघांची नावं एका दमात घेते. दोघांनाही वाटसरूच्या निवाऱ्याची काळजी होती, आणि निवाऱ्याच्या आत कोण येणार, काम कोण करणार याची त्याहून जास्त. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर जन्मानेच ठरवून टाकलं होतं. आबांच्या रसवंतीत चरकावर आबा नाहीतर काका असतात. चिपाडं उचलायला आणि फरशी धुवायला मात्र एक मावशी येतात. माझ्या अख्ख्या बालपणात माशा घोंघावणाऱ्या त्या चिकट फरशीवर त्या रोज वाकत राहिल्या, पण सणासुदीला त्यांना कधी आमच्या पंगतीत बसवलेलं मला आठवत नाही. आईच्या फोनवरच्या त्या गप्प बसण्याची मुळं तिथे आहेत. म्हणून मी तिच्यावर चिडले नाही. मी तिला गाडगेबाबांचं सांगितलं, आणि ते तिला ऑस्ट्रेलियाच्या कायद्यापेक्षा लवकर समजलं.

मात्र मी ज्या हॉस्टेलात काम करते, त्याचे पलंग तेवढे आल्टेनाचे. ते उभं राहिलं ते उसाच्या पैशावर आणि उसाच्या माणसांवर.

बंडाबर्ग हे क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरचं, बर्नेट नदीकाठचं उसाचं शहर. मिलाक्विन साखर कारखाना इथे १८८२ पासून आहे. शेजारी मळीपासून रम काढणारी भट्टी आहे, आणि हंगामात सगळ्या पूर्व भागावर मळीचा गोडसर वास पसरतो. तो पहिल्यांदा नाकात शिरला तेव्हा मला एकदम सोमेश्वर कारखान्याच्या रस्त्यावर उभं असल्यासारखं झालं. आपल्याकडे गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. इथे जूनमध्ये, म्हणजे आबा गाळा बंद करतात त्या सुमाराला. वीतभर रुंदीच्या वाटाव्यात अशा अरुंद रुळांवरून उसाच्या डब्यांची आगगाडी शेतातून कारखान्याकडे जाते.

हा ऊस आधी कोणी तोडला? १८६३ मध्ये रॉबर्ट टाउन्स नावाच्या व्यापाऱ्याने डॉन हुआन या जहाजातून प्रशांत महासागरातल्या बेटांवरची ६७ माणसं क्वीन्सलँडला आणली, कापसाच्या मळ्यासाठी. तिथून १९०४ पर्यंत सुमारे ६२ हजार बेटवासी आणले गेले, बहुतेक उसासाठी. काही करार करून आले, काहींना फसवून किंवा धरून जहाजात घातलं. बंडाबर्गच्या आसपास शेतांच्या कडेला काळ्या दगडांच्या, चुना न वापरता रचलेल्या भिंती दिसतात. शेतं मोकळी करताना निघालेले दगड त्या माणसांनी हातांनी उचलून रचले. १९०१ मध्ये गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं धोरण ठरलं आणि कायदा करून यांतल्या हजारोंना परत पाठवलं गेलं. ज्यांची मुलंबाळं इथे झाली होती, ज्यांना दुसरं गाव उरलं नव्हतं, त्यांतले काही मागे राहिले; त्यांचे वंशज आज या शहरात आहेत.

त्यांच्यानंतर इटलीहून, माल्टाहून, आणि ऑस्ट्रेलियाच्या इतर भागांतून तोडणारे आले. शेताच्या कडेला लांबट बराकी असायच्या, तिथे टोळी राहायची. आपल्या बीडहून येणाऱ्या टोळ्या कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या घालतात, तशी ती सहा महिन्यांची वस्ती. मग याच बंडाबर्गमध्ये टॉफ्ट बंधूंनी ऊस तोडणारी यंत्रं बनवली, आणि १९७० च्या दशकापर्यंत क्वीन्सलँडमधला कोयता जवळजवळ थांबला. महाराष्ट्राच्या शेतांत आज ऑस्टॉफ्ट नावाची जी तोडणी यंत्रं दिसतात, ती याच टॉफ्टांच्या परंपरेतली. ज्या यंत्राच्या भीतीने बीडच्या बायका काकुळतीला येऊन बोलतात, त्याचं गाव हे.

ऊस यंत्राकडे गेला, पण टोमॅटो, झुकिनी, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी, ॲव्होकाडो यांना माणसाची बोटंच लागतात. आणि ती बोटं हंगामापुरतीच हवी असतात. त्यांना झोपवायचं कुठे, याचं उत्तर गावोगावच्या जुन्या हॉटेलांनी दिलं. ऑस्ट्रेलियातलं हॉटेल म्हणजे खाली दारूचा बार आणि वर मुक्कामाच्या खोल्या; मद्यविक्रीचा परवाना हवा तर वाटसरूंसाठी खोल्या ठेवाव्याच लागत, असा इथला जुना कायदा होता. पुढे मोटारी आल्या, महामार्गावर मोटेलं झाली, आणि वरच्या खोल्या ओस पडल्या. त्यांत दुमजली पलंग घातले की हॉस्टेल तयार.

पलंगांवर झोपायला तरुण आले ते एका व्हिसामुळे. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी फिरता फिरता काम करण्याची योजना सुरू केली. उद्देश देश पाहण्याचा. काम केवळ खर्च भागवण्यापुरतं. मग एकेक देश वाढत गेला. २००५ च्या नोव्हेंबरपासून नियम आला की ग्रामीण भागात तीन महिने शेतीचं काम केलं तर व्हिसाचं दुसरं वर्ष मिळेल. माझ्या मते या धंद्याचा सगळा रंग बदलला तो इथे. तोवर शेतावर जाणं ही मर्जी होती, आता ती गरज झाली. कुठल्याही हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बसा, कोणाचे 'अठ्ठ्याऐंशी दिवस', म्हणजे त्या तीन महिन्यांतले दिवस, किती झाले याचीच चर्चा ऐकू येते. हॉस्टेलचा मालक शेतकऱ्याला विचारतो किती हात हवेत, व्हॅन काढतो, आणि आठवड्याचं भाडं आधी घेतो. पलंग आणि रोजगार एकाच माणसाच्या मुठीत आले, की ज्याला काम हवं आहे तो पलंगाबद्दल तक्रार करत नाही, आणि ज्याला पलंग हवा आहे तो मजुरीबद्दल गप्प राहतो. जपानी, कोरियन, तैवानी मुलांकडून मी अशा गोष्टी ऐकल्या आहेत की ऐकताना माझ्या मुठी आवळल्या जायच्या. खोक्याच्या मापाने मजुरी देत असल्यामुळे कित्येकांना दिवसाच्या शेवटी खोलीचं भाडंही सुटत नसे. खोक्यावर काम करणाऱ्यालाही तासाच्या किमान मजुरीची हमी हवी, हा निकाल इथल्या श्रम आयोगाने २०२१ मध्ये दिला आणि २०२२ च्या एप्रिलपासून तो लागू झाला. एवढी साधी गोष्ट मिळायला इतकी वर्षं जावी लागली.

कामाच्या बदल्यात पलंग, हा व्यवहार मुळात वाईट नाही. १९७१ मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या सू कॉपर्ड या बाईंनी शनिवार-रविवारी ससेक्समधल्या सेंद्रिय शेतावर काही शहरी माणसं नेली. त्यांनी काम करायचं, शेतकऱ्याने जेवण आणि झोपायला जागा द्यायची. त्यातून जगभर पसरलेली वूफ ही चळवळ झाली. तिथे जाणारा माणूस रविवारी संध्याकाळी घरी परत जाऊ शकत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आज गोव्यात हणजूण-हरमलच्या हॉस्टेलांत आपली मराठी मुलंही रिसेप्शनवर बसतात, चादरी बदलतात, आणि बदल्यात पलंग नि नाश्ता घेतात. महिनाभर समुद्र पाहून ती घरी जातात. पण परदेशात, व्हिसाच्या तारखा मोजत, परतीच्या तिकिटाचे पैसे नसताना तोच पलंग, तोच झाडू वेगळा होतो. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये बिनपगारी काम व्हिसाच्या दिवसांत धरणं बंद केलं ते याच अनुभवातून. मला तासाचा पगार मिळतो, भाडं त्यातून वेगळं दाखवून कापलं जातं, आणि दोन्ही कागदावर असतं. आईला मी हा कागदही दाखवला.

काउंटरचा इतिहास मला जास्त आनंदाचा वाटतो. ४ नोव्हेंबर १९३२ रोजी सिडनीच्या मार्टिन प्लेसमध्ये मिक ॲडम्स या ग्रीक स्थलांतरिताने एक बार उघडला. त्याचं जन्माचं नाव योआकिम तावलारिदिस. बारच्या मागे दारूऐवजी दूध होतं. फळांचे आणि इतर स्वाद घालून घुसळलेलं दूध, पेल्याला चार पेन्स. गिऱ्हाईकाने उभं राहूनच प्यायचं, समोर यंत्र फिरताना बघायचं. तो मंदीचा काळ होता. बेकार माणसालाही चार पेन्स टाकून काउंटरवर मानाने टेकता येत होतं, बाया-मुलांनाही, ज्यांना दारूच्या बारमध्ये मोकळेपणी जाता येत नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या गावागावांत मग ग्रीक कुटुंबांचे मिल्क बार झाले. खरं तर त्यांच्याआधी, १९२६ मध्ये, लॉस एंजेलिसला जुलियस फ्रीड यांनी संत्र्याच्या रसाचं दुकान टाकलं होतं. तो फेसाळ रस 'ऑरेंज जुलियस' या नावाने अमेरिकाभर गेला. विजेवरचं घुसळणयंत्र स्वस्त झालं, आरोग्याची काळजी फॅशन बनली, आणि २००० मध्ये ॲडलेडला बूस्ट ज्यूसचं पहिलं दुकान निघालं, तेव्हापासून ऑस्ट्रेलियातल्या मॉलमध्ये ज्यूस बार दिसू लागले. पण काउंटर तेच मिक ॲडम्सचं: उघड्यावर यंत्र, उभं राहून पिणारं गिऱ्हाईक, आणि डोळ्यांदेखत तयार होणारा पेला. आमच्या रसवंतीतही तेच असतं. ऊस दोनदा, तीनदा चरकातून काढला जातो, मधे आलं आणि लिंबू खुपसलेलं असतं, आणि "बर्फ कमी" म्हणणाऱ्याला त्याचा रस गाळताना दिसतो. विश्वास डोळ्यांनी बसतो. म्हणूनच मला काउंटरवर रुळायला वेळ लागला नाही. इथे उसाचा रस कोणी मागत नाही, उसाच्या शहरात असूनही. तो इथे कारखान्याचा माल आहे. सिडनीच्या कॅब्रामाटा भागात व्हिएतनामी लोक मात्र तो विकतात, आणि त्यांचा चरक आमच्या चरकाचा सख्खा भाऊ शोभतो.

बंडाबर्गपासून पन्नासेक किलोमीटरवर, महामार्गालगत, चिल्डर्स हे छोटं गाव आहे. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम तिथे गेले, कारण या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने तिथे जायला हवं असं मला वाटतं. १९०२ मध्ये एका आगीत त्या गावच्या मुख्य रस्त्याची एक बाजू जळाली आणि नंतर नव्याने जी बांधकामं झाली त्यांत पॅलेस हॉटेल होतं. पुढे त्याचं हॉस्टेल झालं, शेतावर काम करणाऱ्या बॅकपॅकर्ससाठी. २३ जून २००० च्या रात्री तिथे आग लावली गेली. लावणारा तिथेच पूर्वी राहिलेला आणि नंतर काढून टाकलेला एक शेतमजूर होता. त्याला जन्मठेप झाली. पंधरा जण मेले. सात ब्रिटिश, तीन ऑस्ट्रेलियन, दोन डच, आणि आयर्लंड, जपान, दक्षिण कोरिया यांचा प्रत्येकी एक. धुराची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती. एका खोलीत बाहेर पडण्याच्या दाराशी दुमजली पलंग लावलेला होता आणि खिडकीला गज होते.

पलंग. एक पलंग जास्त बसावा म्हणून दारासमोर लावलेला. पेंढ्यावर झोपलेल्या मुलांना वादळापासून वाचवायला जी गोष्ट सुरू झाली, तिचा असा हिशोब व्हावा, याचा मला तिथे उभी असताना फार संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. इमारत पुन्हा नीट केली आहे. वरच्या मजल्यावर कलादालन आहे, आणि जोसोनिया पॅलाइटिस या चित्रकर्तीने रंगवलेलं मोठं चित्र आहे: पंधराही जण शेतात जरा टेकलेले, मागे उसाचं रान. तिने ते त्यांच्या फोटोंवरून काढलं. चेहरे इतके आमच्या व्हॅनमधल्या पोरांसारखे आहेत की मी त्यांच्यासमोरून लवकर हलू शकले नाही. त्या आगीनंतर क्वीन्सलँडने स्वस्त निवासांसाठी अग्निसुरक्षेचा कायदा कडक केला: धुराचे अलार्म, आणीबाणीचे दिवे, बाहेर पडण्याच्या वाटांचा लेखी आराखडा. आमच्या तक्त्यावर सोमवारी माझ्या नावासमोर एक ओळ असते, अलार्म तपासणं आणि जिन्यातल्या वाटा मोकळ्या आहेत का पाहणं. बॅगा, बूट, ओले टॉवेल, सगळं मी तिथून उचलते, कोणी चिडलं तरी. झाडूच्या कामातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, असं मी मानते.

भारतीय मुलांना हे सगळं आता आतून दिसू लागलं आहे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात वर्षाला एक हजार भारतीयांना फिरता फिरता काम करण्याचा व्हिसा द्यायचं ठरलं. करार २०२२ च्या डिसेंबरअखेर लागू झाला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा अर्ज मागवले. वय १८ ते ३०, नोंदणीला २५ डॉलर, आणि मग सोडत. माझं नाव लागलं. हातात भांडवल नसलेल्या, वडिलांच्या गाळ्यावर मोठ्या झालेल्या मुलीला जग बघायचं तर हा एकच रस्ता होता, आणि या रस्त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. म्हणूनच त्याच्यातले खड्डे सांगायला मला संकोच वाटत नाही.

माझी चुलत बहीण पुढच्या सोडतीत नाव घालणार आहे. तिने विचारलं, काय शिकून येऊ? मी तिला सांगितलं, पगाराची पावती दर आठवड्याला माग. पासपोर्ट कोणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस. काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे राहू नकोस. खोलीत शिरल्यावर आधी बाहेर पडायची दुसरी वाट बघ, मग पलंग निवड. रसाचं इथे कोणी शिकवत नाही, ते आबांकडून शिकून घे; चरकावर उन्हाळाभर उभी राहा, गर्दीत सुटे पैसे आणि चार पेले एका वेळी कसे सांभाळायचे ते हाताला बसू दे. आणि गाळा बंद करताना फरशी त्या मावशींबरोबर तूही धू. काका काही म्हणाले तर माझ्याशी बोलायला सांग.